एक निदान टाळा, एक निदान करून घ्या



मागच्या रविवारी स्थानकातून घरी येऊन चपला काढते तोच श्रीरामपूरहून भाचीचा फोन आला. आवाज एकदम उत्साहाचा. "मामी, यंदा मी वर्षीतप घेणार आहे. सासूबाई पण खूश आहेत." मी मनापासून अनुमोदना केली. मग आवाज जरा खाली आला. "एवढं तप केलं ना, की तरी पाळणा हलेल असं सगळे म्हणतात."

तिच्या लग्नाला अडीच वर्षं झाली आहेत. मी विचारलं, "डॉक्टरांकडे गेलात का दोघं?"

"मी जाऊन आले. सोनोग्राफी नॉर्मल आहे."

"आणि जावईबापू?"

जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना कशाला मामी? त्यांना काही त्रास नाही."

फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. वीस-बावीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या आईला सांगितलं होतं. वर्षीतपही मी याच इच्छेने केलं होतं. म्हणून आज या विषयावर लिहिते आहे. विषय नाजूक आहे, आपण तो किटी पार्टीतही दबक्या आवाजात बोलतो. पण बोललं नाही की काय होतं ते मी भोगलं आहे.

आधी धर्माचंच बोलू. आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षा दिल्या आहेत. तीन शल्यं पाठ केलेली आठवतात का? माया, निदान आणि मिथ्यादर्शन. निदान म्हणजे आपल्या बोलीतलं नियाणं. "माझ्या या तपाचं फळ म्हणून मला अमुक मिळो" असा मनातल्या मनात केलेला सौदा. काटा पायात रुतावा तसा तो तपात रुततो, म्हणून त्याला शल्य म्हटलं. द्रौपदीच्या पूर्वभवातल्या सुकुमालिकेची कथा आपण दर चातुर्मासात ऐकतो. तप मोठं होतं, पण नियाणं करून ते तिने विकून टाकलं. तप कर्मनिर्जरेसाठी आहे. मूल, पैसा, नोकरी, खटल्याचा निकाल यांच्यासाठी नाही. हे आपण परीक्षेत लिहून पहिला नंबर मिळवतो आणि घरात सुनेला मात्र म्हणतो, "अठ्ठाई कर, बघ गोड बातमी येते की नाही."

याच शब्दाचा दुसरा अर्थ डॉक्टरांकडे मिळतो. रोगाचं निदान. काय कमी आहे, कुठे अडलं आहे, ते नीट तपासून ठरवणं. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या घरांत नेमकं उलटं चाललं आहे. जे निदान टाळायचं ते आपण आनंदाने करतो, आणि जे करून घ्यायचं ते टाळत राहतो.

माझंच सांगते. लग्नानंतर चौथ्या वर्षी मी वर्षीतप घेतलं. एक दिवस उपवास, एक दिवस बियासना, असं तेरा महिने. मधल्या काळात माझी पाळी लांबत लांबत चाळीस-पंचेचाळीस दिवसांवर गेली. दर वेळी वाटायचं, आता दिवस गेले! आणि मग पाळी यायची. अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणं झालं, साडी-चुनडी झाली, फोटो निघाले. आलेल्या पाहुण्यांपैकी अर्ध्या जणींनी कानात तोच आशीर्वाद दिला. पुढे वर्षभर काहीच झालं नाही, तेव्हा त्याच बायकांनी "अंतराय कर्म आहे गं" म्हणून सुस्कारे टाकले. तप खोटं ठरलं नाही, मी खोटी ठरले. जावेच्या डोहाळजेवणात ओटी भरायला मला कोणी बोलावलं नाही. नाही म्हणालं असंही कोणी नाही. फक्त बोलावलं नाही.

सहाव्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "आधी मिस्टरांचा रिपोर्ट आणा." सहा वर्षांत तो कोणी मागितलाच नव्हता. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी निघाली. आमच्या ह्यांना दुकानात बसून दिवसभर मावा खायची सवय होती. माझ्या रक्तात बी-१२ फार कमी आणि थायरॉइड बिघडलेला. मावा सुटला, माझी औषधं सुरू झाली, चौदा महिन्यांनी आमच्या घरी लेक आली. त्याच उपायांनी आली असं मी छातीठोक म्हणणार नाही, डॉक्टरबाईही म्हणाल्या नाहीत. पण सहा वर्षांपैकी चार वर्षं आम्ही वाया घालवली हे मात्र खरं.

आता थोडं तिथींविषयी. आपल्यासारखा तिथी मोजणारा समाज दुसरा नसेल. बीज, पाचम, आठम, अकरस, चौदस, पूनम, अमावस्या. हिरवी भाजी कधी नाही आणि ब्रह्मचर्य कधी, हे आपल्याला पंचांग न बघता सांगता येतं. पण स्वतःच्या शरीराची तिथी? तीन दिवस बाजूला बसलेली सून अख्ख्या घराला कळते, आणि तिचं चक्र सव्वीस दिवसांचं की छत्तीस, हे तिलाही सांगता येत नाही.

ते समजायला सोपं आहे. पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडतं. पाळी आल्यापासून १४ वा दिवस नव्हे, पुढच्या पाळीच्या आधीचा. चक्र २८ दिवसांचं असेल तर दोन्ही एकच येतं. ३४ दिवसांचं असेल तर बीज २० व्या दिवसाच्या आसपास येतं, आणि १४ वा दिवस धरून बसलेलं जोडपं दर महिन्याला चुकतं. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्राणू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणजे बीज येण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे महिन्यातले सहाच दिवस खरे कामाचे. त्यातही बीज येण्याआधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले.

शरीर खूणही देतं. त्या दिवसांत अंगावरचा स्राव पातळ, पारदर्शक आणि निसरडा होतो. पुस्तकांत त्याला अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्याची उपमा देतात. आपल्या स्वयंपाकघरात ती चालायची नाही, तेव्हा मी म्हणेन, एकतारी पाकासारखा. दोन बोटांत धरला तर तार येते. तीन-चार महिने कॅलेंडरवर पाळीची तारीख आणि ही तार लिहून ठेवा. मोबाइलवरची ॲप्स मागच्या तारखांवरून फक्त अंदाज सांगतात. औषधाच्या दुकानात लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्यांचा उपयोग होतो. पण पीसीओएस असेल तर त्या कधी कधी फसवतात.

आता पुष्कळ जणींच्या मनातला प्रश्न. पर्वतिथीला ब्रह्मचर्याचं पच्चक्खाण असेल तर हे दिवस हुकणार नाहीत का? मी कागद घेऊन मांडून पाहिलं. बीज आणि पाचम यांच्यात दोन दिवस मोकळे, पाचम-आठममध्ये दोन, आठम-अकरसमध्ये दोन, अकरस-चौदसमध्ये दोन. चौदस आणि पूनम सलग, मग एकम मोकळी. म्हणजे मोकळ्या दिवसांमध्ये कुठेही दोनांहून जास्त दिवसांचा खंड पडत नाही. शुक्राणू अनेक दिवस टिकतात, त्यामुळे सहा दिवसांच्या त्या मुदतीत मोकळे दिवस सापडतातच. तिथीचा नियम आड येत नाही, मैत्रिणींनो. आपणच त्याच्या भोवती जे उभं करतो ते आड येतं.

काय उभं करतो? व्यापाऱ्याचं घर, महिन्यातून आठवडाभर नवरा माल खरेदीला सुरत-मुंबईला. परत येतो तेव्हा थकलेला. घरात पाहुणे, नणंदेची मुलं आपल्याच खोलीत झोपायला. वर दोन ओळ्यांचे नऊ-नऊ दिवस, पर्युषणाचे आठ. आणि ज्यांनी पूर्ण चातुर्मासाचं ब्रह्मचर्य घेतलं आहे त्यांचे वर्षातले चार महिने आधीच वजा. नियम उत्तम आहे. पण मग "एक वर्ष प्रयत्न केले" म्हणताना ते वर्ष आठ महिन्यांचंही नसतं, हे लक्षात घ्या आणि डॉक्टरांनाही मोकळेपणाने सांगा. श्रावकाची मर्यादा यथाशक्ती असते, ती किती घ्यायची ते घेणाऱ्याने ठरवायचं असतं. एकदा घेतलेला नियम मोडू नका, पण घेतानाच नवरा-बायकोने मिळून विचार करा. महासतीजींना हा प्रश्न विचारून संकोचात टाकू नका. संसाराच्या गोष्टीत त्या सल्ला देणार नाहीत आणि देऊही नये. हा तुमच्या दोघांचा निर्णय आहे.

तिथी-तारखांचा आणखी एक प्रकार आपल्या जिल्ह्यात गाजला. २०२० साली निवृत्ती महाराज इंदुरीकर यांचं सम तारखेला मुलगा आणि विषम तारखेला मुलगी होते अशा अर्थाचं कीर्तनातलं विधान चर्चेत आलं. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. प्रकरण संगमनेरच्या कोर्टातून औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. त्यांच्यावर बोट ठेवून आपण मोकळ्या होऊ नये. आपल्याही घरांत "या महिन्यात ही पुडी घे, मुलगाच होईल" असं सांगणाऱ्या मावश्या आहेत. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवरून ठरतं, तारखेवरून नाही. मुलगा होण्याचे उपाय सांगणं-विकणं १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्यात बसत नाही. आणि त्या पुडीत काय असतं ते कोणीच सांगत नाही. तुमच्या पोटात जाणारी गोष्ट आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घरात ती न गाळता कशी चालते?

आता स्वयंपाकघर. इथे आपल्या आहाराचा प्रश्न मी सरळ मांडणार आहे, कारण आपला आहार मला प्रिय आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. या साध्या शेतकरी घरांतल्या बायका. मग कटाक्षाने शाकाहारी असलेल्या आपण स्वतःला वेगळ्या समजायचं कारण नाही. बी-१२ आपल्याला मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. सुनेच्या वाट्याला भांड्याच्या तळाचं पातळ ताक येत असेल तर तेही मिळत नाही.

दुसरं फॉलिक ॲसिड. बाळाचा मणका आणि मेंदू ज्या नळीतून घडतो ती गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा पाळी चुकली हेही नीट कळलेलं नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं त्याच दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची असते, दिवस गेल्यावर नाही. मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळात दोष असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील. आणि सोबत बी-१२ तपासून घ्या. त्याच पुण्याच्या अभ्यासात फोलेट जास्त पण बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये पुढे इन्सुलिनचा प्रश्न सगळ्यात जास्त दिसला होता.

फोलेट पालेभाज्यांत असतं. आपण पर्वतिथीला हिरवं खात नाही, चातुर्मासात पालेभाजी बंद. चालेल, पण मग त्या दिवसांत मूग, हरभरा, चवळी, मटकी यांचं प्रमाण वाढवा. नुसत्या पापड-मेथीदाण्याच्या भाजीवर आणि गट्ट्यांवर महिना काढू नका. लोहासाठी बाजरीची भाकरी आपल्याकडे आहेच. जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, तो तासाभराने घ्या. गोळ्यांबद्दल शंका असते, तर बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने बनवतात. जिलेटिनचं कवच टाळायचं असेल तर केमिस्टकडे कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागा. डॉक्टरांना सांगायला लाजू नका, पर्याय मिळतात.

वजनाचंही बघा. पीसीओएस असलेल्या आणि वजन वाढलेल्या बाईचं शंभरात पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी बीज पुन्हा नियमित यायला मदत होते. उलट जी आधीच काटकुळी आहे तिच्या पोटाला महिनोन्‌महिने कमी मिळालं, तर मेंदूकडून बीजकोशाला जाणारा संदेश मंदावतो आणि पाळी लांबते. माझी लांबली होती तशी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मूल हवं आहे त्या वर्षी वर्षीतप, मासखमण असं लांबलचक अनशन घेऊ नये. आणि सासूने तर सुचवूच नये.

तप सोडा असं मी म्हणत नाही. बाह्य तपाचे सहा प्रकार आहेत, अनशन हा त्यातला एक. ऊणोदरी करा, भुकेपेक्षा दोन घास कमी. रसपरित्याग करा, गोड आणि तळण सोडा. पीसीओएसवाल्या मुलीला डॉक्टर तरी दुसरं काय सांगतात? चौविहारामुळे रात्रीचं जेवण सूर्यास्तापूर्वी होतं, पोट हलकं राहतं. आणि आभ्यंतर तपात स्वाध्याय आहे, वैयावच्च आहे. त्यांनी कोणाची पाळी लांबल्याचं ऐकिवात नाही.

आता पुरुषांकडे वळते, कारण इथेच सगळं अडतं. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाबरोबर. त्याची पहिली तपासणी सगळ्यात स्वस्त आणि बिनवेदनेची आहे. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून वीर्याचा नमुना द्यायचा, एवढंच. संयम तर आपल्याला नवा नाही! एक रिपोर्ट वाईट आला तर काही काळाने पुन्हा करतात, लगेच घाबरायचं नसतं. त्याउलट बाईच्या तपासण्या बघा. सोनोग्राफ्या, सुया, गर्भनलिका उघड्या आहेत का ते बघायला आतून औषध सोडून एक्स-रे. पोटातला क्षय कधी कसलंही लक्षण न देता नलिका बंद करतो, त्यामुळे तीही तपासणी कधी लागते. ती जरूर करावी. पण नवऱ्याचा साधा नमुना न देता बायकोला या सगळ्यातून काढणं, याला मी तरी हिंसाच म्हणेन. अहिंसेत आपण मुंगी वाचवतो.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज मावा, गुटखा, सिगारेट, दारू सोडली तर त्याचा परिणाम तीन महिन्यांनी दिसेल. तोवर धीर धरायचा. मांडीवर गरम लॅपटॉप, फार घट्ट कपडे, कढत पाण्यात बसणं हेही टाळावं. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शुक्राणू वाढवत नाहीत, उलट त्यांची निर्मिती बंद पाडू शकतात. लग्नाच्या आधी पोरं अशी इंजेक्शनं घेतात आणि आईला पत्ता नसतो.

किती थांबायचं? स्त्रीचं वय चाळिशीच्या आत असेल आणि दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील, तर शंभरातल्या ८० हून अधिक जोडप्यांना पहिल्या वर्षात दिवस राहतात. उरलेल्यांपैकी निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. म्हणून लग्नानंतर सहाव्या महिन्यात "काही विशेष?" विचारणाऱ्यांनी गप्प बसावं. पण एक वर्ष झालं तर दोघांनी मिळून तपासून घ्यावं. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहाच महिन्यांनी. पाळी अनियमित असेल, पोटात फार दुखत असेल, पूर्वी क्षय किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन गेले असतील, तर वाट बघूच नये. माझ्या भाचीची अडीच वर्षं झाली आहेत. तिच्यासाठी पुढची पायरी जावईबापूंचा रिपोर्ट आहे.

"पण कर्मात नसेल तर?" हा शेवटचा प्रश्न मला नेहमी विचारतात. कर्म आहेच. पण आपल्याला पाच समवाय शिकवले आहेत: काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. कार्य घडायला पाचही लागतात. सुनेच्या बाबतीत आपण चार गुंडाळून एकटं कर्म तिच्या कपाळी का मारतो? दुकान चालत नाही तेव्हा कोणी "अंतराय कर्म" म्हणून शटर पाडून बसत नाही. जागा बदलतो, माल बदलतो, हिशोब तपासतो. आणि धर्म व दवाखाना यांचं भांडण नाहीच. ज्या आचार्य आनंदऋषिजींचं नाव घेऊन आपण सामायिक करतो, त्यांच्याच नावाने समाजाने नगरमध्ये एवढं मोठं हॉस्पिटल उभं केलं आहे.

सासूबाईंना, म्हणजे आता मला आणि माझ्या वयाच्या बायकांना, तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, सुनेला तपासणीला नेण्याआधी मुलाला सांगा. त्याची आई सांगेल तेव्हाच तो जाईल. दुसरी, त्यांना खोलीचं दार लावू द्या आणि महिन्यातले ते सहा दिवस दुकानाची खेप कोणी दुसऱ्याने करू द्या. तिसरी, समाजाची संख्या घटते आहे म्हणून मंचावरून तीन मुलांची भाषणं होतात, त्यांना टाळ्या वाजवताना मागच्या रांगेत बसलेल्या, मूल नसलेल्या सुनेकडे एकदा बघा.

सगळं करूनही काहींना मूल होणार नाही. हेही खरं आहे आणि ते कोणाचं पाप नाही. सोळा सतींमध्ये आपण सुलसेचं नाव घेतो. तिला बराच काळ मूल नव्हतं, तरी ती कुठल्या देवाधर्माच्या नादी लागली नाही, आपल्या श्रद्धेवर ठाम राहिली. पुढे तिला मुलं झाल्याची कथा आहे. पण सकाळी तिचं स्मरण आपण करतो ते मुलांमुळे नाही, सम्यक्त्वामुळे. आणि घरात मूल हवंच असेल तर आपल्या नगरमध्येच स्नेहालयाचं स्नेहांकुर दत्तक केंद्र आहे. १९५६ च्या दत्तक कायद्यात जैनही येतात. त्या दारात जाणं ही हार नव्हे.

काल भाचीला परत फोन केला. हे सगळं सांगितलं. म्हणाली, "मामी, मग वर्षीतप?" मी म्हटलं, "कर ना. निर्जरेसाठी कर, आणि मूल झाल्यावर, ते पाच वर्षांचं झालं की कर. मी पारण्याला उसाचा रस घेऊन येते." ती हसली. मग म्हणाली, "ह्यांच्याशी तुम्हीच बोला ना." रविवारी श्रीरामपूरला जाते आहे.

वीतरागांच्या आज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल किंवा कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.